आकाशांतून दिसणारी धूळ व धूर

आफ्रिका खंडाच्या नकाशांत चाड सरोवर शोधून काढा. त्याच्या ईशान्येस बोडेले नांवाचा खोलगट प्रदेश आहे. सहस्रावधि वर्षांपूर्वीं तेथें एका विस्तीर्ण सरोवराचें पाणी होतें. आज तें आटलें असून त्या पाण्यांतील सूक्ष्म जीवांच्या कवचांचें पिठासारखें चूर्ण मात्र तळाशीं उरलें आहे. तिबेस्ती व एन्नेदी या दोन डोंगराळ मुलखांमधून सुटणारा वारा तें उचलतो व नैर्ऋत्येकडे वाहून नेतो.

आफ्रिकेची धूळ भर समुद्रांत पडते, हें खलाशांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. १८३२ च्या जानेवारींत ‘बीगल’ जहाज केप वर्द बेटांजवळ असतां डार्विननें अशी तपकिरी धूळ गोळा करून ठेविली. परंतु जहाजावर पडली तेवढीच त्याच्या हातीं लागली. तो लोट कोठून निघाला व कोठवर गेला, हें पाहणें त्या काळीं कोणासहि शक्य नव्हतें. कृत्रिम उपग्रहांनीं तें शक्य केलें. २०२० च्या जून महिन्यांत सहारांतून निघालेला एक प्रचंड लोट अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर गेला, त्याचा प्रवास दररोजच्या चित्रांतून जगानें पाहिला.

आतां एक शंका सहज उद्भवेल. निळ्या समुद्रावर पिंगट धूळ उठून दिसते; पण वाळवंटावरील धूळ वाळवंटाच्याच रंगाची, ती कशी ओळखावी? येथें उष्णतेचे अदृश्य किरण उपयोगी पडतात. सुमारें ११ व १२ मायक्रोमीटर लांबीच्या दोन लहरी घेतल्या, तर धुळींतील खनिज कण पहिलीस अधिक अडवितात. बर्फकणांच्या विरळ ढगांची गोष्ट उलट असते. हा फरक यंत्र टिपतें आणि चित्रांत धूळ गुलाबी रंगविली जाते. हा गुलाबी रंग मानलेला आहे, खरा नव्हे. पुष्कळ लोक येथेंच फसतात.

धुराचें निदान निराळें. वणव्याची धग सुमारें ४ मायक्रोमीटरच्या लहरींत चटकन् दिसते, म्हणून धुराचा माग त्याच्या उगमाशीं जोडतां येतो. धूर अतिनील किरण शोषतो. पण धूळहि तेंच करते, तेव्हां तेवढ्यावरून निर्णय देणें धोक्याचें. २००६ ते २०२३ पर्यंत कार्य केलेल्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहानें ही अडचण बरीच दूर केली. तो खालीं प्रकाशाचे ठोके सोडी व परत आलेल्या प्रकाशावरून कणांची उंची सांगे. धुळीचे कण ओबडधोबड असल्यानें परतणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलते; धुराचे कण बहुधा गोलसर, ते ती फारशी बदलीत नाहींत.

याच उपग्रहाच्या २००७ ते २०१३ च्या मोजणीवरून असा अंदाज निघाला कीं, वर्षास सरासरी २ कोटि ७७ लक्ष टन आफ्रिकन धूळ अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यांत पडते व तींत सुमारें २२,००० टन फॉस्फरस असतो. पावसापुरानें तेथील जमिनींतून जवळजवळ तितकाच वाहून जातो! पुढें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें आफ्रिकेंतील वणव्यांचा धूरहि हें खत पुरवितो असें दाखविलें. एका खंडाचें जळणें दुसऱ्याचें पोषण करतें, ही गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटते.

सर्वच धूर असा उपकारक नसतो, हें सांगणें नलगे. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियांतील वणव्यांनीं न्यूझीलंडचें आकाश नारिंगी केलें, आणि तो धूर पॅसिफिक ओलांडून चिली व अर्जेंटिना येथवर गेला. त्याचा एक भोंवरा सुमारें १,००० किलोमीटर रुंद असून ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढला.

आपल्याकडेहि २०२२ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानच्या बाजूनें उठलेली धूळ अरबी समुद्रावरून मुंबईस आली व भरदिवसां शहर धूसर झालें. मात्र अशा वेळीं वरील चित्रावरूनच आपल्या नाकापाशीं किती धूळ आहे हें ठरवूं नये. उपग्रह हवेचा सबंध थर वरून पाहतो. लोट तीन-चार किलोमीटर उंचीवर असेल तर चित्र भयंकर व खालील हवा बरी, असेंहि घडतें. म्हणून दम्याच्या रोग्यानें घराबाहेर पडावें कीं नाहीं, याचें उत्तर जमिनीवरील मोजणीच्या यंत्रासच विचारावें लागतें. आणि जेथें असें यंत्र नाहीं, त्या गांवास अद्याप अंदाजावरच भागवावें लागतें.