घाटाखालच्या कोंबड्या

दिवसा गेलेलं पिल्लू रानाचं, रात्री गेलेली कोंबडी आपल्या आळसाची. माझ्या सासूबाई असा हिशेब धरायच्या आणि मीही तोच धरत आले. पोरी, तुझं घर संगमेश्वर-देवरुखच्या पट्ट्यातलं. परसदार संपलं की गडगा, गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळ्या आणि वर सरळ सह्याद्री. इथे कोंबडी मोकळी सोडायची म्हणजे रानाशी भागीदारी करायची. दिवसाच्या चरण्यात वर्षाकाठी चार-दोन नग जाणार, ते धरूनच चाल. तेवढंही सोसवत नसेल तर पत्र्याच्या शेडमध्ये कोंड आणि पोत्यातलं खाद्य घाल. पण मग गावठी म्हणून चढा भाव मागू नकोस. रात्रीचं मात्र एकही नुकसान मान्य करू नकोस. अंधार पडला की कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही. मांजर मानेला धरेपर्यंत ती काठीवरून हलत नाही. तिचं पाहणं, ऐकणं, पळणं सगळं तेव्हा तुझ्यावर सोपवलेलं असतं.

आधी पक्षी कोणता घ्यायचा ते ऐक. जावईबापूंनी गिरिराज आणि वनराजची चौकशी केलीय म्हणे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादची वनराज, दोन्ही वाईट नाहीत. आपली गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, या त्याच्या दुप्पट देतात, अंगानेही भरतात. पण ते अंगच इथे आड येतं. कुत्रं धावून आलं तर गावठी कोंबडी फडफडत मांगराच्या कौलांवर जाऊन बसते. जड कोंबडीला गडग्यावरही धड चढता येत नाही. शिवाय ती खुडूक बसत नाही, म्हणजे दरवेळी पिल्लं विकत आणणं आलं. हौस असेल तर चार ठेव. कळप मात्र गावठीचाच धर.

रंगही बघून घे. तपकिरी, करडी, तित्तराच्या पिसाऱ्याची कोंबडी पाचोळ्यात उभी राहिली तर आपल्यालाही चटकन दिसत नाही. पांढरीशुभ्र आकाशातून पहिली दिसते. दिवाळीत कुणी हौसेने पांढरी दिली तर घे आणि शिमग्यापर्यंत खाऊन टाक. उघड्या मानेची मिळाली तर सोडू नकोस, उन्हाळा तिला सोसतो. आणि पिवळ्या पायांची कोंबडी दिसली तर एक गंमत सांगते. कोंबडीचं मूळ लाल रानकोंबड्यात आहे हे शाळेत शिकवत आलेच, पण पायाचा आणि कातडीचा तो पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आलाय असं 2008 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. राखी रानकोंबडा म्हणजे पहाटे आपल्या मागच्या डोंगरात ओरडतो तोच. तेव्हा या रानात आपल्या कोंबड्या अगदीच पाहुण्या नाहीत.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. तो देखणा नसला तरी चालेल, भित्रा असावा. स्वतः खाता खाता दर दोन चोचींनी मान वर करणारा कोंबडा ठेव. त्याचे आवाज ओळखायला शीक. वर घार दिसली की तो एक आवाज काढतो आणि कोंबड्या दबून झुडपात शिरतात. जमिनीवरून काही येत असेल तर वेगळा, सारखा कटकट कटकट आवाज काढतो आणि सगळ्या ताठ उभ्या राहून तिकडेच बघतात. हा दुसरा आवाज आला की हातातलं काम टाकून काठी घेऊन बाहेर जायचं. भाकरी करपली तरी चालेल.

कोंबड्या चरतात तिथे घारीपासून आडोसा हवा. शहरातून आलेली माणसं आधी परसू झाडून लख्ख करतात. तू तसं करू नकोस. खळं स्वच्छ ठेव, पण त्याच्या कडेला करवंद, अननसाच्या ओळी, अळू, कर्दळ असं बुटकं काहीतरी राहू दे. कोंबडीला कुठूनही दहा-बारा पावलांत डोकं लपवायला जागा मिळाली पाहिजे. जुन्या सीडी टांगतात, काळी फडकी बांधतात, त्याला घार आठवडाभर बिचकते आणि मग त्याच दोरीशेजारी येऊन बसते.

आता पिल्लांचं. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत रवण बसव. ज्येष्ठ-आषाढात खुडूक झालेल्या कोंबडीला पाण्यात बुचकळून का होईना, पण उठव. कोकणातल्या पावसात जितकी पिल्लं भिजून गारठून मरतात तितकी कुठलं जनावर नेत नाही. बसवायची अंडी आठवड्याच्या आतली असावीत, धुतलेली नसावीत, फार मोठी किंवा लांबोडकी नसावीत. एका कोंबडीखाली दहा-बारा. टोपलीत पेंढा आणि त्याखाली निर्गुडीचा पाला घाल, उवा कमी होतात. कोंबडी रात्री बसव, म्हणजे ती निमूट बसते. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडावर अंडी धर. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेव, नितळ दिसलं तर काढ. दोन कोंबड्या एकाच रात्री बसवल्यास तर एकविसाव्या दिवशी दोघींची पिल्लं एकीखाली घालता येतात आणि दुसरी लवकर अंड्यावर येते.

मात्र पिल्लं कुणाखाली घालायची ते नीट ठरव. तुला जवळ येऊ देणारी गरीब कोंबडी आई म्हणून कामाची नाही. हात पुढे केला की पिसं फुलवून अंगावर येते, ती खरी. असीलचं रक्त असलेली एखादी मिळाली तर कावळाच काय, मांजरालाही ती हुसकावते. तरी पहिले आठ-दहा दिवस आईसकट पिल्लं डालग्याखाली ठेव आणि डालग्यावर चांगला जड चिरा ठेव. मोकळं डालगं कुत्रं सहज उलटतं. सकाळी वाळवी लागलेलं लाकूड आणून त्यांच्यापुढे फोड. त्या खाद्यासारखं दुसरं काही नाही. पुढे सहा आठवडे घार, शिक्रा, कावळा आणि भारद्वाज यांचा डोळा पिल्लांवर असतो. भारद्वाजाला आपण शुभ मानतो आणि तो झुडपात शिरून पिल्लं उचलतो. शुभ मानायला माझी हरकत नाही, फक्त पिल्लं असताना त्याचं दर्शन दुरून घे.

नुकसान झालं की आरडाओरडा करण्याआधी जागा बघ. काय उरलंय त्यावरून कोण आलं होतं ते कळतं. पिसांचा एक झुपका आणि गडग्याकडे गेलेली पिसांची रेघ असेल, कोंबडी सगळीच गेली असेल, तर कोल्हा. तो पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला येतो. भरदिवसा मानेला चावलेली कोंबडी तिथेच पडली असेल तर मुंगूस. अंडी फुटून कवचं पडली असतील तर मुंगूस, कावळा किंवा घूस; कवचासकट अंडं नाहीसं झालं असेल तर साप किंवा घोरपड. रात्रीत एकदम चार-पाच कोंबड्या मारून टाकलेल्या आणि खाल्ली एखादीच, तर बाऊल नाहीतर उदमांजर. असं झालं की त्याच दिवशी कौलं तपास. उदमांजर फणसावरून उतरतं आणि सरकलेल्या कौलाखालून आत येतं. खुराड्यावर आलेली फांदी आधी तोड. आणि जो आला तो दुसऱ्या रात्री परत येणार हे पक्कं समज.

खुराडं बांधताना पैसे वाचवू नकोस. बांबूच्या कांबी दिसायला छान, पण कुत्री आणि कोल्हे त्या चावून मोडतात. खालचे दोन थर चिऱ्याचे घे, जमीन फरशीची कर, नाहीतर घूस बीळ काढते आणि घुशीच्या बिळातून साप येतो. वर जाळी लावायची ती अर्ध्या इंचाची वेल्डमेश. बाजारात मिळते ती षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही. बसायची काठी जाळीपासून हातभर आत असू दे. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय मांजर बाहेरून ओढतं. दाराला कडी आणि कडीत खिळा, दोन्ही. नुसती लाकडी खिटी पंजाने फिरते. अंडी काढताना अंधाऱ्या टोपलीत हात घालायचा नाही, आधी बॅटरी मारायची, मग काठीने पेंढा हलवायचा. यात एकदाही सूट नाही. साप चावलाच तर बांधत, कापत बसू नका, थेट ग्रामीण रुग्णालय गाठा.

संध्याकाळचं सांगते, सगळ्यात मोठं काम तेच आहे. सकाळी कोंबड्यांना पोटभर घालायचं नाही. मूठभर कोंडा टाकून सोड, म्हणजे त्या दिवसभर उकरत फिरतात. खरं खाणं संध्याकाळी, दिवे लागायच्या अर्धा तास आधी, खुराड्याच्या तोंडाशी घालायचं. कणी असो, नाचणी असो. हाक कसलीही मार, पण रोज एकच आणि एकाच माणसाची. पंधरवड्यात त्या हाकेला गडग्यापलीकडून धावत येतात. आत गेल्या की मोज. अंदाजाने नाही, डोकं धरून मोज. एक कमी असेल तर उजेड आहे तोवर शोध. एखादा कोंबडा फणसावर झोपायला लागला तर त्याला काठीने उतरवून आठवडाभर खुराड्यातच कोंड. त्याच्यामागे चार तलंगा झाडावर गेल्या की मग आवरत नाही. कुठे लग्नाला जायचं असेल तर दार लावायचं काम कुणाचं ते आधी ठरवून निघ. मोठी नुकसानं बहुतेक लग्नसराईत होतात, आणि वाडीत सगळ्यांना वाटतं जनावरं माजलीत.

बिबट्याचं वेगळं. तो कोंबडीसाठी क्वचित येतो, कुत्र्यासाठी नेहमी येतो. खुराड्याच्या राखणीला रात्री बाहेर कुत्रा बांधणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. दिवसा कुत्र्यासारखा राखणदार नाही. पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढव. पण अंधार पडला की त्याला पडवीत घे आणि दार लाव. कोंबडी सोलल्यावर आतडी, पिसं मागे फेकायची नाहीत. खोल खड्ड्यात चुना टाकून पुर. रात्री खुराड्यात गोंधळ ऐकू आला तर एकटीने दार उघडून धावू नकोस. खिडकीतून बॅटरी मार, भांडी वाजव, शेजाऱ्यांना हाका मार. कोंबडीच्या मागे शिरून खुराड्यात अडकलेला बिबट्या कोकणात नवा नाही. तसं झालं तर कुणालाही जवळ जाऊ देऊ नकोस, वनखात्याच्या 1926 या नंबरावर फोन कर.

फासे, विष, तारेत वीज सोडणं यातलं काहीही करायचं नाही. 1972 च्या कायद्याने मुंगूस, घोरपड, बिबट्या सगळे संरक्षित आहेत, तो भाग आहेच. विजेच्या तारेने शेजाऱ्याचा बैल मरतो, कधी शेजारीही. आणि मुंगूस मारून तुझी सोय होणार नाही. घराभोवती मुंगूस फिरतं तोवर साप जरा लांब राहतात. वर्षाकाठी दोन पिल्लांचा पगार त्याला मी देते.

आजाराचं थोडक्यात, पण हे टाळू नकोस. कोल्हा एक नेतो, मानमोडी अख्खी वाडी रिकामी करते. हिरवट-पांढरी शीट आणि वाकडी मान दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते, पण कुपी शंभर पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून आवाठातल्या सगळ्यांना मिळून एक दिवस ठरव. बर्फाचा थर्मास तू ने, बाकीच्यांना फक्त कोंबड्या धरून ठेवायला सांग. बाजारातून आणलेली नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेव. राखेचा एक खड्डा करून दे, अंग त्या स्वतःच घोळतात.

विकायची कुठली आणि ठेवायची कुठली, हे दरवर्षी होळीच्या आधी ठरव. जिने आपली पिल्लं मोठी करून दाखवली, तिची अंडी पुढच्या रवणाला. जिची पिल्लं दोनदा घारीने नेली, ती कितीही अंडी देत असली तरी तिची अंडी खायची, बसवायची नाहीत. भरपूर अंडी देणारीचा मोह पडतो, मला माहीत आहे.

गणपती झाले की गवंडी मोकळे असतात, तेव्हा खुराडं बांधून घे. दसऱ्याला मी चार तलंगा आणि एक कोंबडा पाठवते. त्यात एक काळपट आहे, ती हाताला चोच मारते, तिला वेगळ्या डालग्यात आण. आल्या की आठ दिवस खुराड्यातच ठेव, तिथेच खायला-प्यायला दे, म्हणजे घर कुठलं ते त्यांना कळेल. नवव्या दिवशी सकाळी नको, संध्याकाळी तासभर सोड आणि हाक मारून बघ, किती परत येतात ते मला फोन करून कळव.