पथनामांची लांबी आणि नव्या जिल्ह्याचे अभिलेख

दिनांक ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौसर या दोन तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील नवा जिल्हा अस्तित्वात आला. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या या मुलखास प्रशासकीय फेरबदल नवे नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. अशा प्रत्येक फेरबदलाबरोबर दप्तरेही हलतात. पूर्वी ती कापडी बस्त्यांत बांधून नेली जात. आता त्यांचा मोठा भाग संगणकातील फाइलींच्या रूपाने जातो. या स्थलांतरात पथनामांच्या लांबीमुळे काही फाइली मागे राहण्याचा संभव असतो. त्याची कारणे व उपाय प्रत्येक कर्मचाऱ्यास माहीत असणे अगत्याचे आहे.

पथनाम म्हणजे काय?

पत्रावर राज्य, जिल्हा, तहसील, गाव व घर असा पत्ता लिहितात, तद्वत संगणकातील प्रत्येक फाइलीसही पत्ता असतो. ड्राइव्हचे अक्षर, त्यानंतर एकात एक असलेल्या फोल्डरांची नावे आणि शेवटी फाइलीचे नाव मिळून हे पथनाम, म्हणजेच कार्यालयीन बोलीतील ‘पाथ’, तयार होते. विंडोज प्रणालीत या संपूर्ण पत्त्यास परंपरेने २६० चिन्हांची मर्यादा आहे. त्यांपैकी एक चिन्ह अदृश्य समाप्तिचिन्ह असल्याने प्रत्यक्षात २५९ चिन्हेच वापरता येतात. नावांमधील मोकळ्या जागा व तिरप्या रेघाही या गणनेत धरल्या जातात.

देवनागरी नावांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. ‘पांढुर्णा’ या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. परंतु संगणक काना, अनुस्वार, उकार व हलन्त स्वतंत्र मोजत असल्याने त्याच्या हिशेबी ती नऊ चिन्हे होतात. लिनक्स प्रणालीत एका नावास २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सामान्यतः तीन बाइट व्यापते. त्यामुळे तेथे एका नावात ८५ चिन्हेच मावतात.

अडचण कशी उद्भवते?

समजा, एका अर्जाचे पथनाम २३५ चिन्हांचे आहे. तो अर्ज ज्या फोल्डरसमूहात आहे, तो संपूर्ण समूह त्याच ड्राइव्हवरील ‘पांढुर्णा जिल्हा प्राप्त अभिलेख’ या नव्या फोल्डरमध्ये नकलून ठेवावयाचा आहे. या नावाची ३१ चिन्हे व एक तिरपी रेघ मिळून लांबी २६७ होते. मर्यादा ओलांडली जाताच संगणक पथनाम फार लांब असल्याचा संदेश देतो व ‘स्किप’ म्हणजे वगळण्याचा पर्याय पुढे ठेवतो. घाईत तो स्वीकारल्यास उर्वरित फाइली पोहोचतात आणि ही मागे राहते. झिप फाइल उलगडतानाही तिच्याच नावाचे आणखी एक फोल्डर तयार होऊन लांबी वाढते.

मागे राहिलेली फाइल एखाद्या संत्रा बागाईतदाराच्या गारपीट नुकसानीचा पंचनामा असू शकते. मूळ संगणक रिकामा केल्यानंतर हे ध्यानी आले, तर त्या शेतकऱ्यास आपला हक्क शाबीत करण्यासाठी पुन्हा कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतील.

उपाययोजना

प्रथमतः वरच्या स्तरावरील फोल्डरांची नावे लहान करावीत. वरचे एक नाव लहान केले की त्याखालील सर्व फाइलींची पथनामे आपोआप आखूड होतात. उपरोक्त उदाहरणात नव्या फोल्डरचे नाव केवळ ‘पांढुर्णा’ ठेवल्यास लांबी २४५ होऊन काम निर्वेध पार पडते.

नाव बदलणे शक्य नसल्यास ‘सब्स्ट’ या आज्ञेने आतील फोल्डरास तात्पुरते ड्राइव्ह-अक्षर द्यावे, म्हणजे पत्ता तेथून मोजला जातो. मोठ्या संख्येने फाइली न्यावयाच्या असल्यास विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा उपयुक्त आहे. ती लांब पथनामेही हाताळते. २०१६ साली आलेल्या विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ही मर्यादा शिथिल करण्याची सोय उपलब्ध आहे. तथापि ती सोय प्रत्येक आज्ञावली मानतेच असे नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबून राहणे इष्ट नव्हे.

नक्कल पूर्ण झाल्यावर मूळ व नव्या फोल्डरांतील फाइलींची संख्या व एकूण आकारमान ताडून पाहावे. दोन्ही जुळल्याशिवाय मूळ प्रत नष्ट करू नये.

नावे कशी ठेवावीत?

वरच्या फोल्डरात जे सांगितले आहे ते खाली पुन्हा लिहू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीच्या व्यवस्थेची कागदपत्रे दरवर्षी तयार होतात. ती ‘गोटमार’, त्यात ‘२०२४’ व त्यात ‘वैद्यकीय’ अशा क्रमाने ठेवल्यास पुरेसे आहे. ‘गोटमार मेळा वैद्यकीय व्यवस्था पत्रव्यवहार २०२४’ असे नाव प्रत्येक स्तरावर लिहिण्याचे प्रयोजन नाही. विषयाचे संपूर्ण शीर्षक फाइलीच्या आत व नोंदवहीत लिहावे. फोल्डरांचे स्तर शक्यतो चारांहून अधिक नसावेत.

नव्या जिल्ह्याच्या अभिलेखांची घडी आरंभीच नीट बसविणे सोपे असते. सौसर वा पांढुर्ण्याच्या नागरिकाने दहा वर्षांनी आपला जुना कागद मागितला असता तो विनाविलंब हाती पडावा, हाच या दक्षतेचा हेतू होय.