शिकारी कुत्रा प्रदर्शनात उभा राहतो तेव्हा

मरोळ नाक्यावर दुकानाच्या पायरीशी झोपलेला कुत्रा तुम्ही पाहिला असेल. त्याचे कान किंवा शेपूट कशी असावी, हे कोणी ठरवलेले नाही. आता त्याच्या शेजारी एक कारवानी कुत्रा उभा आहे अशी कल्पना करा. निमुळते लांबट डोके, खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांब, सडपातळ पाय! दोघांची प्राणिजात एकच, मग एवढा फरक का? माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड, हे त्याचे उत्तर होय.

कारवानी हा दख्खनच्या पठारावरचा शिकारी कुत्रा. तो वासापेक्षा नजरेच्या बळावर शिकार गाठतो. भरधाव धावताना पावलांच्या एका फेऱ्यात त्याचे चारही पाय दोन वेळा जमिनीवरून सुटतात. एकदा शरीर आखडलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. खोल छातीत हृदय व फुप्फुसे यांना भरपूर जागा मिळते. माळावर सशाला गाठणाऱ्या कुत्र्याची पिल्ले लोक हौसेने मागून नेत. म्हणजे या कुत्र्याचा खरा परीक्षक होता ससा!

पुढे परीक्षक बदलला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे २८ व २९ जून १८५९ रोजी भरलेले कुत्र्यांचे प्रदर्शन हे आधुनिक प्रदर्शनांपैकी पहिले मानतात. त्यात पॉइंटर व सेटर हे शिकारी कुत्रेच होते आणि बक्षीस होते बंदुकीचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे पहिलेच प्रकरण पाळीव प्राण्यांवर आहे, हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडे मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांच्या पैदाशीकडे लक्ष दिले. मुधोळ आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत या कुत्र्याचे नाव ‘कॅरव्हान हाउंड’ आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदीत ‘मुधोळ हाउंड’. कुत्रा तोच, नावे दोन! २००५ मध्ये तो टपाल तिकिटावरही झळकला.

प्रदर्शनात काय पाहतात? प्रत्येक वाणाचे लेखी वर्णन असते. परीक्षक कुत्र्याला उभा करून उंची, दात, हाडे, कातडी तपासतो आणि थोडे दुडक्या चालीने पळवून पाहतो. भरधाव धाव मात्र रिंगणात दिसत नाही. इकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंधने आली, ती पुढे अधिक कडक झाली आणि आज सशाची शिकार हा गुन्हा आहे. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी हे योग्यच झाले. पण ससा हा परीक्षक गेला आणि प्रदर्शनाचे महत्त्व वाढले. केवळ रूपालाच चषक मिळाला, तर दम, नजर व चपळाई यांचे गुण हळूहळू मागे पडू शकतात.

दुसरा धोका आप्तसंकराचा. एकाच विजेत्या नराची पिल्ले सर्वांना हवी असतात. सख्ख्या भावंडांच्या संकरातून झालेल्या पिल्लात, सरासरीने चौथा हिस्सा जनुकजोड्यांची दोन्ही जनुके एकाच पूर्वजाच्या एकाच जनुकाच्या प्रती असतात. एरवी झाकून राहणारे दोष अशा वेळी उघड होतात.

मग प्रदर्शने बंद करावीत काय? मुळीच नाही. विखुरलेले पाळणारे तेथे एकत्र येतात आणि नोंदी ठेवल्या जातात. मात्र रूपाबरोबर धाव व आरोग्यही तपासावे आणि दूरदूरच्या गावांतील कुत्र्यांचा पैदाशीत उपयोग करावा. असे केले तर चषक आणि चपळाई दोन्ही टिकतील.

करून पाहा : तुमच्या गल्लीतील पाच कुत्री दुरूनच न्याहाळा, हात लावू नका. कान, शेपूट, छाती व पाय यांची नोंद करा. यांपैकी कोणते गुण रस्त्यावरच्या जगण्याला उपयोगी पडत असतील? वर्गात चर्चा करा.