शालेय वेगविधारण : ज्येष्ठ विद्यार्थ्यांचे साहाय्य

बालकांना स्वस्थवृत्त शिकवावे, हे सर्वांस मान्य आहे. ते कोणी शिकवावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वार्षिक शिबिरात वैद्य तासभर व्याख्यान देतात आणि विषय तेथेच संपतो. आचरण नित्य सहवासाने अंगी बाणते. आठवी-नववीतील विद्यार्थ्यांचा असा सहवास लहान बालकांना शाळेत सहज लाभतो. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या निमित्ताने डॉ. डेव्हिड मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन येथे याच तत्त्वावर ‘चाइल्ड-टू-चाइल्ड’ उपक्रम सुरू केला.

प्रारंभ एकाच विषयाने करावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात १३ अधारणीय वेग वर्णिले आहेत. पैकी मूत्र, पुरीष व तृष्णा यांचा अवरोध अनेक शाळांत नित्य घडतो. स्वच्छतागृह अस्वच्छ, दाराला कडी नाही, तास चालू असता विचारण्याचा संकोच. म्हणून मुली पाणी पिणेच टाळतात. मूत्रवेगाच्या धारणाने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र व शिरःशूल होतात, असे चरकाचार्य सांगतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व मलावष्टंभ यांमागेही ही सवय असू शकते. लहान मुलगी ही अडचण वैद्यांना सांगत नाही, ताईला सांगते.

ज्येष्ठ विद्यार्थ्यांना पुढील तीन गोष्टी शिकवाव्यात :

१. सकाळी घाई न करता शौचास बसणे.
२. तहान लागताच पाणी पिणे. मधल्या सुट्टीत लहानांना स्वच्छतागृहापर्यंत सोबत करणे.
३. त्यानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट असाव्यात. या विद्यार्थ्यांनी कोणतेही औषध, काढा वा चूर्ण सुचवू नये. लघवीस जळजळ, ताप किंवा लघवीतून रक्त असल्यास शिक्षकांमार्फत पालकांना तत्काळ कळवावे. अति तहान, वारंवार लघवी, वजन घटणे वा बंद झालेले शय्यामूत्र पुन्हा सुरू होणे ही बालमधुमेहाची लक्षणे असू शकतात. अशा बालकाची रक्तशर्करा त्याच दिवशी तपासावी. येथे विलंब प्राणघातक ठरतो.

स्वच्छतागृहाची दुरुस्ती हे शाळेचे उत्तरदायित्व आहे, विद्यार्थ्यांचे नव्हे. वैद्यांनी मुख्याध्यापकांशी प्रथम त्याविषयी बोलावे. अन्यथा उपदेश व्यर्थ होय. औषधालयांच्या चालकांनी अशा प्रसंगी सिरपचे नमुने वाटण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी वर्षभराचा साबण व दाराची कडी दिल्यास अनेक बालकांवर औषध घेण्याची वेळ येणार नाही. स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे आपल्या शास्त्राचे प्रथम प्रयोजन याहून वेगळे नाही.