भेंडी निबर व्हायला लागलीय गं

आठ दिवस झाले म्हणे परसात पाय ठेवला नाहीस? हौदापाशी लांबलचक काहीतरी सळसळलं आणि तू खुरपं तिथंच टाकून पळालीस. बघ, पळालीस ते उत्तम केलंस. काठी घेऊन मागं लागली असतीस तर मी चांगली रागावले असते.

खरं सांगू का, माझी फजिती तुझ्याहून मोठी. उदगीरला नव्यानं घर केलं तेव्हा कुंडी उकरताना एक गांडूळ चिमटीत धरलं. काळपट, चकचकीत, दोन्ही टोकं सारखीच. त्यानं शेपटीचं टोक बोटाला टोचवलं आणि मी कुंडीसकट सगळं भिरकावलं, ते थेट शेजारणीच्या वाळवणात! तो निघाला वाळा साप. बिनविषारी, मुंग्यांची अंडी नि वाळवी खाणारा. या जातीत नर नसतोच, सगळ्या माद्याच. हे ऐकून आमचे हे दिवसभर गप्प होते.

तू म्हणतेस पिवळसर, सहा फूट, वाऱ्यासारखं गेलं. मग धामण असावी. ती उंदरांच्या मागे येते. म्हशीचं दूधबिध काही पीत नाही. पण खात्री करायला जवळ जाऊ नकोस हं. घोणस मात्र पळत नाही, वेटोळं करून पडून राहते. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके आणि कुकरची वाफ सुटावी तसा फुत्कार. तो ऐकलास की पाऊल मागं. लोक तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावतात, कमाल आहे!

आता तुझ्या परसाचं बघू. भिंतीला टेकवलेल्या त्या तुराट्या नि विटांचा ढीग आधी हलव, पण हातानं नाही, लांब दांड्यानं. तिथं उंदीर आहेत, म्हणून साप आहे. आळ्यात हात घालण्याआधी काठीनं पालापाचोळा हलवायचा. पायात बूट घालायचे, चपला नाही. संध्याकाळी कढीपत्ता तोडायला गेलीस तरी बॅटरी हवीच. आणि पावसाळ्यात खाली अंथरूण नको गं. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि आपण ओवा चघळत बसतो.

पुन्हा साप दिसला तर लांबून नजर ठेव आणि वनखात्याच्या 1926 वर फोन कर. चावलाच, तर आधी अंगठी नि बांगड्या काढ, कारण हात सुजतो. निघत नसतील तर सरळ वाढव, अपशकुनाचं नंतर बघू. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, मांत्रिक तर नाहीच. हातपाय न हलवता 108 ची गाडी बोलवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर एकच लस चालते. त्यामुळे साप मारून पिशवीत न्यायची गरज नाही. माझ्या मामानं नेला होता एकदा. साप नुसता अर्धमेला होता, दवाखाना क्षणात रिकामा!

सगळं एकदम करू नकोस. आज फक्त तुराट्या. मी रविवारी येते, विटांचं दोघी मिळून बघू. तोवर बूट घाल, काठी आपट आणि भेंडी तोडून आण. खुरपं मात्र आधी शोध, पावसात गंजत असेल.