क्रीडावार्तेची भाषा आणि दिव्यांग विद्यार्थी

पॅरालिंपिक म्हणजे दिव्यांग खेळाडूंची जागतिक क्रीडास्पर्धा होय. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या या स्पर्धेत मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले. पेटकर हे सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सैनिक. भारताचे पॅरालिंपिकमधील ते पहिलेच पदक असूनही त्यांस पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मधल्या ४६ वर्षांत असंख्य विद्यार्थी त्यांचे नाव न ऐकताच शाळा सोडून गेले. त्यांत एखादा पाय अधू असलेला, पण पोहण्यात तरबेज असा मुलगाही असेल.

दिव्यांगांच्या क्रीडासंस्थांत आता वार्ता लिहिणे व ती संगणक-मोबाइलवरून लोकांपर्यंत पोहोचविणे हे स्वतंत्र काम झाले आहे. ते वाटते तितके सोपे नाही. सोलापूर जिल्ह्यातील जलतरणपटू सुयश जाधव यांचेच उदाहरण घ्यावे. शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने त्यांनी दोन्ही हात गमावले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्यांस मिळाला. ही वार्ता 'बिचाऱ्याला हात नाहीत, तरीही' अशी सुरू केली की वाचक हळहळतो आणि शर्यत विसरतो. प्रथम शर्यत, अंतर, स्थळ व पदक सांगावे. अपघात नंतर, तोही जरुरीपुरता.

त्यांचा गट 'एस ७' होता, हेही लिहावयास हवे. जलतरणात शारीरिक दिव्यांगांचे गट १ ते १० असतात. आकडा जितका लहान तितकी हालचालींवरील मर्यादा अधिक. गट न कळल्यास वाचक भलत्याच दोन वेळांची तुलना करू लागतो. गोळाफेकीतही तसेच. पॅरिस येथे २०२४ साली १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविणारे सचिन खिलारी हे 'एफ ४६' म्हणजे हाताच्या दिव्यांगत्वाच्या गटातील होत. त्यांचे करगणी हे गाव सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यात आहे.

वार्ता लिहून झाली तरी ती पोहोचली असे समजू नये. दृष्टिहीन वाचकाचा मोबाइल पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचून दाखवितो. पण तीच अक्षरे चित्रात कोरून पाठविली तर तो बहुधा मुका होतो. शाळांच्या पालकगटांवर क्रीडादिनाची सूचना फुलापानांच्या चौकटीतील चित्र म्हणून धाडण्याची रीत पडली आहे. पिवळ्यावर भगवी अक्षरे ही लग्नपत्रिकेची हौस झाली, सूचनेस ती नको. मजकूर टंकलिखित करून पाठवावा. छायाचित्रासोबत त्यात काय दिसते ते एका वाक्यात द्यावे, आणि ध्वनिचित्रफितीत बोललेले शब्द खाली अक्षरांत उमटवावेत, म्हणजे कर्णबधिर मुलासही ती उमगते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात खेळातील सहभागाची व माहिती सुगम करण्याची अशा दोन्ही तरतुदी आहेत. मुलाचे छायाचित्र पाठविण्यापूर्वी त्याची व पालकांची संमती घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

'सर्व मुलांनी मैदानावर यावे' या सूचनेतील 'सर्व' शब्दात कुबडी घेऊन चालणारी मुलगी स्वतःला धरीत नाही. बसून गोळाफेक कोणत्या वेळी, कोणत्या जागी होईल, हे सूचनेत स्पष्ट लिहिले तर ती येते.

वर्गात या पाठास एक तास पुरे. खिलारी यांच्या पदकाची माहिती फळ्यावर द्यावी आणि मुलांकडून चार वाक्यांची वार्ता लिहून घ्यावी. नंतर एका मुलाने डोळे मिटून बसावे व दुसऱ्याने त्यास पदकसमारंभाचे छायाचित्र शब्दांनी सांगावे. ऐकणाऱ्याने जे प्रश्न विचारले, ते फळ्यावर टिपून ठेवावेत. वार्तेत राहून गेलेल्या गोष्टी त्यांतूनच मुलांस सापडतील.