चाक आधीं कीं धाव आधीं?

एकोणिसाव्या शतकांत आमचें पनवेल बैलगाडीच्या चाकांविषयीं प्रसिद्ध होतें. मध्यें तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर लांकडी पुठ्ठे आणि सर्वांभोंवतीं लोखंडी धाव, अशी त्या चाकाची रचना. चाकाचा घेर मोजल्यावांचून कोणी सुज्ञ लोहार धावेची पट्टी कापीत नाहीं. संगणकावर नमुने रचणाऱ्या विद्यार्थ्यासहि हाच नियम लागू पडतो. तो कसा, हें पाहूं.

ज्यास पॅरामेट्रिक नमुना म्हणतात, त्यांत एक माप बदललें असतां त्यावर अवलंबून असणारीं मापें नियमांनीं आपोआप बदलतात. आमच्या चाकाचे नियम दोन :

(१) चाकाचा व्यास = तुंब्याचा व्यास + आऱ्याच्या लांबीची दुप्पट + पुठ्ठ्याच्या जाडीची दुप्पट.

(२) धावेची लांबी = चाकाचा व्यास × २२/७.

तुंबा १० इंच, आऱ्याचा उघडा भाग १२ इंच व पुठ्ठा ४ इंच धरल्यास व्यास ४२ इंच आणि धाव १३२ इंच येते. (धाव तापवून चढवावयाची म्हणून प्रत्यक्षांत ती किंचित् आखूड ठेवितात, तो भाग येथें सोडला आहे.) आतां आरा साडेपंधरा इंच केला, तर व्यास ४९ व धाव १५४ इंच झाली पाहिजे. परंतु दुसरा नियम यादींत वर लिहिला असेल, तर तो आधीं चालतो व जुनाच व्यास घेतो. चाक ४९ इंचांचें होतें, धाव मात्र १३२ इंचांचीच राहते !

वर्गांत आम्हांकडून नेमकें हेंच घडलें. अर्ध्या प्रमाणाची पट्टी कापविली, ती ११ इंच आखूड भरली. आम्हीं एका विद्यार्थ्यास आंकडा चुकीचा उतरल्याबद्दल रागें भरलों. त्यानें नमुना पुन्हां चालविला, तों बरोबर उत्तर आलें. दुसऱ्या खेपेस नवा व्यास तयार होता, एवढेंच. दोष त्याच्या वहीचा नसून आमच्या यादीचा होता, हें आम्हीं सर्व वर्गासमोर कबूल केलें. जी चूक दुसऱ्या खेपेस आपोआप लपते, ती अधिक घातक होय.

म्हणून प्रथम बाहेरून दिलेलीं मापें, मग त्यांवरून निघणारीं, आणि शेवटीं त्यांवर अवलंबून असणारीं, असा क्रम ठेवावा. व्यासावरून धाव आणि धावेवरून पुन्हां व्यास, असें चक्र मात्र करूं नये. तेथें कोणताहि क्रम उपयोगी पडत नाहीं. १९९५ सालीं निघालेल्या सॉलिडवर्क्ससारख्या साधनांत समीकरणांचा क्रम आपोआप लावण्याची सोय आहे. तथापि कोणतें माप कोणावर अवलंबून आहे, हा विचार विद्यार्थ्यानेंच करावयाचा असतो.

अभ्यास : वरील ४९ इंची चाकाचा आरा १९ इंच केला. नियम उलट क्रमानें लिहिले असतां पहिल्या खेपेस धाव किती येईल ? दुसऱ्या खेपेस किती ? घरीं वडील मंडळींस कारणासह समजावून सांगा.